बारा ते चारचा पहारा

शिरड शहापूरकडून येताना आमच्या गावाचा फाटा लागतो. त्या फाट्यावर माझा फोटो लागला आहे, ही बातमी मला अख्ख्या गावाच्या नंतर कळली.

दहा फुटांचा फ्लेक्स होता. वर मोठ्या अक्षरांत 'अखंड हरिनाम सप्ताह, रौप्यमहोत्सवी वर्ष'. मधे सात कीर्तनकारांची रांग. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मंडपवाल्याच्या जाहिरातीला खेटून, मी. कपाळाला बुक्का, गळ्यात वीणा, डोळे टक्क उघडे. खाली लिहिलेलं, 'वीणेकरी ह.भ.प. रामकिशन महाराज. पहारा दररोज रात्री बारा ते चार.'

मी मोटारसायकल बाजूला लावली आणि ते दोनदा वाचलं. माणसाला महाराज करायचं असेल तर निदान आधी विचारावं तरी. शाळेच्या कमिटीवर घ्यायचं असलं तरी सही घेतात.

महाराज वगैरे मी काही नाही. चार एकर रान, त्यात दीड एकर हळद, दोन म्हशी, एक माय, एक बायको, एक पोरगी आणि एक आजार, एवढा माझा संसार. आजाराचं नाव बायपोलर. मी हा आजार लोकांना असा सांगतो की, तुमचं मन कधी खुशीत असतं, कधी उदास असतं. माझं मन दोन्ही गोष्टी मन लावून करतं. वर गेलं की खाली यायचं नाव घेत नाही आणि खाली बसलं की चार माणसं लावली तरी उठत नाही. मधल्या काळात मी तुमच्यासारखाच चिडका, चिकट आणि बराचसा शहाणा माणूस असतो. नांदेडचे डॉक्टर म्हणतात, हा मधला काळ वाढवत न्यायचा. त्यासाठी त्यांच्या दोन अटी आहेत. गोळी चुकवायची नाही आणि झोप चुकवायची नाही.

गोळीचं लोकांना कळतं. बीपीची असते, शुगरची असते, तशी ही एक. झोपेचं मात्र कुणाला पटत नाही. रात्री दहाला मी अंथरुणात असतो म्हणून गावात माझी चेष्टा होते, कोंबड्यांच्या आधी निजतो म्हणतात. पण एक रात्र जागरण झालं तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी डुलक्या येतात. मला येत नाहीत. मला हुशारी येते. दुसरी रात्र जागलो तर आणखी हुशारी येते. आणि तिसऱ्या दिवशी माझ्याएवढा हुशार माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात उरत नाही.

तीन वर्षांपूर्वी नेमकं तेच झालं, आणि झालं ते सप्ताहातच झालं.

सप्ताहाचा एक नियम असतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही. कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, नाम घ्यायचं, आपला पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात द्यायची. संध्याकाळचे पहारे मिळवायला लोक भांडतात, कारण तेव्हा कीर्तनाला सगळं गाव जमलेलं असतं आणि उभ्या माणसाला पाहतं. रात्री बारा ते चार कुणालाच नको असतात. ज्याचं नाव लागतं त्याच्या सासुरवाडीला त्याच दिवशी साखरपुडा निघतो.

त्या वर्षी मी बारा ते चार घेतले. पहिल्या रात्री उपकार म्हणून घेतले. दुसऱ्या रात्री चार वाजता पुढचा माणूस डोळे चोळत आला, त्याला मी परत पाठवलं. मग सकाळ माझी, दुपार माझी, संध्याकाळ माझी. मोरीवर जाण्यापुरती वीणा कुणाच्या तरी गळ्यात घालायचो आणि पळत परत यायचो. तीन दिवस आणि तीन रात्री असा उभा होतो. भूक नाही, तहान नाही, आवाज टिपेला. लोक म्हणाले, हा आपला रामकिशन न्हाई, ह्याच्यात कुणीतरी मोठं येऊन उभं राहिलंय. बाया ओळीनं पाया पडायला लागल्या. डोंगरकडा गावाहून माणसं जीप करून आली आणि केळीचा अख्खा घड माझ्या पायाशी ठेवून गेली. मीही प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होतो. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर, लोकांनी मला ओळखायला जरा उशीरच केला असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मी माइक घेतला आणि पाच गावांना चूलबंद आवतण दिलं. चूलबंद म्हणजे घरटी एक माणूस नाही, सगळं घर. घरात चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट जेवायला यायचं. तेही पुरणपोळीचं. गावांची नावं घेऊन, वेळ सांगून, उद्या दुपारी बाराला.

लोक आले. आवतण असल्यावर येणारच. मी मात्र नव्हतो. आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोच्या, शिलाच्या भावानं आणि आणखी तिघांनी मिळून माझ्या गळ्यातली वीणा ओढून काढली होती आणि मला गाडीत घालून नांदेडला नेलं होतं. मागं सप्ताह कमिटीनं पाच गावांना कसं जेवू घातलं ते कमिटीलाच माहीत. पुरणपोळीवर गेलेलं आवतण शेवटी आमटी-भातावर मिटलं म्हणतात.

त्यानंतर मी खाली गेलो. मृगात खाट धरली ती दसऱ्याला सोडली. त्या चार महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. भिंतीकडे तोंड होतं आणि भिंत होती. गावानं आपली समजूत घालून घेतली, की मोठी शक्ती येऊन गेली, अंगाला सोसली नाही.

हे सगळं त्या फ्लेक्ससमोर आठवलं. फोटो त्या तिसऱ्या दिवसाचा होता.

घरी आलो तर शिला अंगणात वाळलेली हळद पोत्यात भरत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "पाह्यला?"

"पाह्यला."

"फोटो चांगला आलाय तुमचा." पोत्याचं तोंड आवळत ती म्हणाली, "डोळे बघा कसे लखलख करून राहिले. त्या दिवशी त्या डोळ्यांनी मला ओळखलंबी न्हवतं."

माझी बायको असं बोलते. आधी गोड, मग टोचणारं, आणि दोन्ही खरं.

"मी जाऊन सांगतो रखमाजी बापूंना," मी म्हणालो, "जमत न्हाई म्हणून."

"काय सांगाल? काहून जमत न्हाई म्हणाल?"

तिथंच तर सगळं अडलं होतं. म्हशीचं निमित्त सांगता आलं असतं, पाठीचं सांगता आलं असतं. पण गाव निमित्तं ऐकत नाही, गाव त्यावर उपाय सांगतं. खरं कारण सांगायचं तर असं सांगावं लागणार होतं, की बाबांनो, तुम्ही ज्याच्या पाया पडलात तो महाराज नव्हता, तो पेशंट होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी शिलालाही सांगितली नाही. मला तो पहारा हवा होता. तीन वर्षं रोज दहाला निजणारा, मोजून बोलणारा, सगळ्यांना बरा वाटणारा माणूस होऊन मी जगत होतो, आणि त्या तीन रात्रींची आठवण आली की हातातलं काम थांबायचं. तसा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. आजाराचा होता, कबूल. पण झाला होता मलाच.

आनंदाचं आमच्या घरात तसंही अवघडच झालं आहे. मी जरा मोठ्यानं हसलो की माय आणि शिला एकमेकींकडे बघतात. गाणं गुणगुणलो की पोरगी राजनंदिनी विचारते, "पप्पा, रात्री किती वाजता निजलात?" ती वसमतला बारावीला आहे. मागच्या दिवाळीला मला नवीन शर्ट फार आवडला म्हणून मी दोनदा तसं बोललो, तर तिनं हळूच माझा फोन घेऊन पाहिलं, मी आज किती जणांना फोन लावलेत. एकच लावला होता, दूधवाल्याला. तेव्हा कुठं तिनं शर्टाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मारुतीच्या मंदिरात पहाऱ्यांची यादी करायला माणसं बसली. रखमाजी बापू मधे, मांडीवर वही आणि कानावर पेन्सिल. बापू पंचाहत्तरीचे आहेत आणि सप्ताहाचा कारभार पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे आहे. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते मला राम्या म्हणत आले. त्या तीन रात्रींनंतर त्यांनी मला महाराज म्हणायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून मला त्यांच्याकडे तंबाखू मागता येत नाही. शेजारी बालाजी होता, ट्रॅक्टरवाला, कमिटीचा उत्साही माणूस. फ्लेक्स त्याचंच काम. बाया मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांत शिला.

मी उभा राहिलो. "बापू, मला रात्रीचा पहारा जमणार न्हाई. मला आजार हाय. त्या वर्षी जे झालं ते आजारानं झालं. भक्ती न्हवती ती."

बापूंनी वहीतून मान वर केली. मग बापू हळूहळू हसले. "महाराज, तुमी असंच म्हणणार, हे मला ठाऊक व्हतं."

"खरा माणूस कवाच म्हणत न्हाई, मी मोठा हाय म्हणून," बालाजी म्हणाला. तीन-चार माना हलल्या.

"बालाजी, मी मोठा न्हाई म्हणत न्हाई. मी आजारी हाय, असं म्हणून राहिलो. गोळ्या चालू हायत. झोप चुकली की डोकं फिरतं माझं."

"संसारी माणसाला असंच वाटतं, डोकं फिरलं म्हणून," कुणीतरी मागून म्हणालं.

मी पिशवीतून नांदेडची फाइल काढली. रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं होतं. फाइल बापूंच्या हातात दिली. बापूंनी ती उघडली नाही. दोन्ही हातांनी धरली, कपाळाला लावली आणि मला परत दिली.

मग माझा आवाज चढला. आवाज चढला तर समोरच्या दोघांनी हात जोडले. तुम्ही कधी रागावून ओरडला आहात आणि समोरच्यानं हात जोडले आहेत का? त्यासारखी दुसरी बेजारी नाही.

"बापू, मी बोलू का?" मागून शिला उठली. पदर सावरला, पण नजर खाली घातली नाही. "ह्यांनी मृगात खाट धरली ती दसऱ्याला सोडली. तवा हे मंदिर इथंच व्हतं आन् आमचं घरबी तिथंच व्हतं. पाया पडायला तवा एक जण आला न्हाई. पेरणी मी आन् पोरीनं केली. ह्यांच्या तोंडात घास मी घातला. आंघोळ घालायची तर हात धरून उठवावं लागायचं. माझ्या पोरीनं आपल्या बापाला रडताना पाह्यलं, आन् रडायचं बंद झालं तेबी पाह्यलं, ते तर त्याहून वाईट. तुमचे महाराज तवा कुठं गेल्ते, बापू?"

दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, झालं. आता कळलं. तेवढ्यात बालाजी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, येवढी तपश्चर्या झाल्यावर शरीर असं बसतंच."

तेव्हा मात्र माझी सटकली, आणि सटकली ती अगदी औषधं घेऊन, आठ तास झोपून, शुद्धीत सटकली.

"बरं," मी म्हणालो. "राहतो उभा. लिहा माझं नाव बारा ते चार. पण आधीच सांगून ठेवतो, बापू. चौथ्या दिवशी मी माइक हातात घेणार. त्या वर्षी पाच गावं व्हती. यंदा पंचविसावं साल हाय. यंदा पंचवीस गावांना चूलबंद आवतण."

बापूंची पेन्सिल थांबली. "पंचवीस?"

"पंचवीस. पुरणपोळीचं."

बापूंच्या तोंडाकडे पाहून मला कळलं, की त्या दुपारी आमटीच्या कढईपाशी उभे होते ते बापू स्वतःच. "बालाज्या," ते म्हणाले, "रबर हाय का रं?"

आजार त्यांना पटला नव्हता. पंचवीस गावांचं जेवण एका मिनिटात पटलं. नाव खोडून झालं, बारा ते चारसाठी दोघा-दोघांच्या जोड्या लागल्या, त्यात बालाजीचं नाव दोनदा आलं. लोक उठायला लागले तेव्हा बापू शिलाजवळ गेले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "पोरी, यायला पायजे व्हतं आमी. मी एकदा तुमच्या दारापोत्तर आल्तो. भ्या वाटलं. मागं फिरलो." शिलानं मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "राम्या, मग तुला कोणता पहारा देऊ?"

तीन वर्षांनी राम्या ऐकलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "दुपारचा द्या. एक ते तीन."

दुपारी एक ते तीनही कुणाला नको असतो. पंगत उठलेली असते, चैत्राचं ऊन असतं, सगळं गाव आडवं झालेलं असतं. त्यामुळे बापूंनी चटकन लिहून घेतलं.

घरी जाताना शिला दोन पावलं पुढं चालत होती. माझ्यावर रागावली की ती पुढं चालते. "काहून घेतला?" तिनं मागं न वळता विचारलं.

"दोनच तास हायत. दिवसाचे. झोपेला धक्का न्हाई."

"त्या वर्षीबी आधी चारच तास व्हते." ती थांबली आणि वळली. "जागरणाचं न्हाई म्हणत मी. ती गळ्यात पडली आन् तुमाला सोडता आली न्हाई, तर?"

ते मलाही माहीत नव्हतं.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी एक वाजता मी वीणा घेतली. सदरा खुंटीला अडकवला, बनियनवर उपरणं टाकलं. शिलानं पाण्याची बाटली खांबापाशी ठेवली, कारण माझ्या गोळीला पाणी भरपूर लागतं, आणि "तीनला येते" म्हणून म्हशींकडे गेली. जाताना मंडपाच्या टोकापासून एकदा वळून पाहिलं.

तारेला बोट लागलं आणि पहिल्या दहा मिनिटांत अंगावर काटा आला. ओळखीचा काटा. छातीतून काहीतरी वर सरकलं, आवाज आपोआप मोठा झाला. मी मनापासून घाबरलो. देवाच्या दारात उभं राहून, नाम घेताना आनंद झाला म्हणून घाबरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला बघायला यायला हवं होतं. मी डोळे उघडे ठेवले. मंडपाच्या झालरी मोजल्या. समोर पंगतीच्या पत्रावळ्या कुत्रं ओढत होतं, त्याच्याकडे बघत राहिलो.

पावणेदोनला डाव्या टाचेत कळ आली. मी वजन उजव्या पायावर घेतलं. थोड्या वेळानं उजव्या पायानंही तक्रार केली. वीणेचा पट्टा मानेत रुतायला लागला. वीणा एवढी जड असते, हे मला माहीतच नव्हतं. त्या वर्षी तीन दिवस गळ्यात होती, पण तिला वजन असल्याचं आठवत नाही. आता मात्र तिचा भोपळा कुणी आतून भरत बसलं आहे असं वाटायला लागलं. नाकावर माशी बसली, उडवायला हात मोकळा नव्हता. नाम घेता घेता मनात येत होतं की रानात लाइट आली असेल, मोटार चालू करायला कुणी गेलं असेल का, आणि पंगतीतली बुंदी उरली असेल तर एक द्रोण बाजूला काढायला सांगायला पाहिजे होतं. असा भक्त देवानंही पाहिला नसेल.

तीन वाजले. पुढचा पहारा बालाजीचा होता, तो आला नाही.

तीन वाजून दहा मिनिटं झाली. फोन सदऱ्याच्या खिशात, सदरा खुंटीला, आणि वीणा खाली ठेवायची नाही. खांबाला टेकून दोन म्हातारे घोरत होते. बापू सतरंजीवर तोंड उघडं टाकून निजले होते. त्यांना जाग यावी म्हणून मी एकदम मोठ्यानं नाम घेतलं. बापू झोपेतच "वा!" म्हणाले आणि कूस बदलली.

तीन वीस. आता पोटऱ्यांना पेटके यायला लागले होते. मला ती वीणा द्यायची होती. कुणालाही. वाटेनं जाणाऱ्या टेम्पोवाल्यालाही दिली असती.

तीन पंचवीसला शिला मंडपाच्या तोंडाशी आली आणि मला उभा पाहून जागीच थांबली.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं आधी मंदिराच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला समजलं, तिला काय दिसतंय. वेळ टळून गेली आहे आणि नवऱ्यानं वीणा सोडलेली नाही. ती जवळ आली, पण नेहमीसारखी नाही. दावं तोडलेल्या जनावराकडे जातात तशी, हात पुढे करून, हळू.

"अवो," ती अगदी हळू म्हणाली, "झाले की दोन तास. द्या ना आता. माझं ऐका. घरी जाऊ."

"शिले!" मी ओरडलो. "बालाजी येईना! केव्हाचा उभा हाय मी! पाय गेले माझे, मान गेली, घे ही कुणीतरी!"

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. नांदेडचे डॉक्टर बॅटरी मारून बघतात, त्यापेक्षा बारीक तिनं पाहिलं.

"पाय दुखून राहिले?"

"लई."

"खरं?"

"खोटं काहून बोलू? टाच ठणकून राहिली. झोप अशी येऊन राहिली की उभ्या उभ्या पडेन."

ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नसेल. "देवा," ती म्हणाली, "ह्यांचे पाय दुखून राहिले. ह्यांचे पाय दुखून राहिले." बायकोला आपल्या दुखण्याचा एवढा आनंद झालेला पाहून मला जरा रागच आला. मग माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही पुसायला हात मोकळा नव्हता.

तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि मान पुढे केली. आमच्या गावात बाईनं कधी वीणा घेतलेली नाही. घेऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण घेतलेली नाही. मी बापूंकडे पाहिलं. बापूंनी एक डोळा उघडला होता.

"टेकली न्हाई ना खाली?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, बापू."

"मग झालं," म्हणाले आणि डोळा मिटला.

मी पट्टा शिलाच्या गळ्यात घातला, भोपळा तिच्या हातावर सावरून दिला. वीणा देताना एक रीत पाळावी लागते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. मग ते कोण, केवढे, हे पाहत नाहीत. मी खाली वाकलो आणि तिच्या पायांना हात लावला.

"अवो, काय करून राहिले! उठा."

"रीत हाय."

"झाली की. उठा आता, लोक बघतील."

"उठता येईना," मी म्हणालो. गुडघे खरंच लागले होते. मी तसाच सतरंजीवर बसलो आणि पाय पसरले. त्या वर्षी किती जणांनी ह्या पायांवर डोकं ठेवलं होतं, मोजदाद नाही. ते दुखतात का, असं एकानंही विचारलं नव्हतं.

आता तिची पाळी होती. एका हातानं वीणा छातीशी धरून, जमिनीला लागणार नाही अशी जपत ती वाकली. दुसरा हात तिनं माझ्या पायाला लावला. नमस्कार करून उठायचं सोडून तिनं माझी टाच अंगठ्यानं दाबली.

"इथं दुखतं?"

"जरा खाली," मी म्हणालो. "हां. तिथंच."